सरकवलेले बोये

धरणाच्या दरवाजांशी नदी काय काय आणून टाकते ते ज्यानं उपसलंय, त्याला माणसांबद्दल फारसं प्रेम उरत नाही. टायर, फ्रिजची दारं, पोरांचे घाण डायपर, फुगलेली हरणं, आणि एकदा तर चर्चची अख्खी पाटी, ‘प्रभूकडे या’ लिहिलेली. नदीत टाकलं म्हणजे गेलं, असं वरच्या साठ मैलांतला प्रत्येक माणूस समजतो. ते कुठंही जात नाही. माझ्याकडे येतं.

टर्नी बेंडच्या लॉकवर मी सव्वीस वर्षं आहे. माझं नाव इमोजीन टॅकेट. कामावर जीन म्हणतात. कोळशाचे, खडीचे, मिठाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाचे पडाव, ढकलत टगबोटी वरून येतात आणि मधे आमचं धरण आडवं. धरण नसतं तर ऑगस्टात आमची नदी कोंबडीनं चालत पार केली असती; ते पाणी अडवतं म्हणून बार्ज तरंगतात. पण धरणावरून उडी मारून कोणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून बाजूला लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबलचक हौद. बार्ज आत घ्यायचा, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं. बार्ज बावीस फूट खाली उतरतो, मग पुढचं दार उघडायचं. वर जाणाऱ्याचं उलटं. एवढंच काम. घाई केली नाही तर या कामात कोणी मरत नाही.

मरतात ते धरणाखाली. दरवाजांतून सुटलेलं पाणी तळाशी आपटतं, उसळून वर येतं आणि पुढे जायचं सोडून मागे वळतं, पुन्हा धरणाकडे. आम्ही तिला उकळी म्हणतो. लांबून पाहिलं तर काही वाटत नाही, फेसाळ पांढरी पट्टी, आवाजसुद्धा झोप आणणारा. पण त्या पट्टीत गेलेली होडी मागे खेचली जाते, भरते, उलटते, आणि माणूस वर-खाली, वर-खाली फिरत राहतो. मी तिथं एक ओंडका सलग नऊ दिवस फिरताना पाहिलाय. म्हणून खालच्या अंगाला, धरणापासून दीडशे फुटांवर, पांढऱ्या-नारिंगी बोयांची, पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांची, रांग असते. बोयाच्या आत यायचं नाही. इंग्रजी वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं चित्र असतं त्यांच्यावर.

अडचण अशी की मासे नेमके बोयांच्या आत असतात. धरणावरून कोलमडून आलेले बारके मासे गरगरलेले असतात, आणि मोठे कॅटफिश तोंड उघडून खाली बसलेले असतात. आणि जिथं मासे, तिथं कॉय हॅकवर्थ.

कॉयचं धरणाच्या खाली अर्ध्या मैलावर दुकान होतं. गांडुळं, गळ, बियर, आणि भाड्यानं द्यायच्या सहा पत्र्याच्या होड्या. शाळेत तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. तेव्हाही असाच. दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊन वर त्याचीच आई वाईट स्वयंपाक करते म्हणणारा. शहरातून आलेल्या माणसांना तो होडीत बसवताना सांगायचा, ‘‘बोयांपर्यंत बिनधास्त जा. सरकारनं मोजून लावलेत. त्यांच्या बाहेर आहात तोवर आईच्या मांडीवर आहात.’’

मार्चच्या शेवटी मला बोये चुकीच्या जागी दिसले. सव्वीस वर्षं तेच पाणी पाहिलं की एखादा दात हलल्यासारखं कळतं. भिंतीवरून अंतर मोजायच्या दुर्बिणीतून पाहिलं. ऐंशी फूट. मी आमचे साहेब प्रुइट यांना फोन केला.

‘‘पुरानं ओढले असतील,’’ ते म्हणाले.

‘‘पूर खाली ओढतो, साहेब. हे वर आलेत.’’

‘‘उकळीनं ओढले असतील मग.’’

‘‘प्रत्येकाला सिमेंटचा चौथरा बांधलाय नांगर म्हणून. उकळीनं तीन चौथरे एका रांगेत नीट मांडले?’’

‘‘जीन, परत जागेवर ठेवा आणि विषय संपवा.’’

डेल्मर आणि मी ते परत जागेवर ठेवले. डेल्मर स्प्रॅडलिन माझ्याबरोबर एकोणीस वर्षं होता. मोठा, सावकाश बोलणारा माणूस, हाताचे पंजे फावड्यासारखे. आमच्या कामाच्या होडीवर यारी होती. तिनं चौथरा उचलायचा, एकानं होडी धरायची, एकानं यारी फिरवायची. एकट्याचं काम नव्हे ते. हे मी तेव्हाही जाणत होते, आणि त्याच्यापुढे विचार केला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोये पुन्हा वर सरकलेले. या वेळी मी गाडी काढून सरळ कॉयच्या दुकानात गेले. तो काउंटरवर बसून गांडुळांचे डबे भरत होता. त्याच हातानं त्यानं बिस्किट उचलून खाल्लं.

‘‘बोये तू हलवतोस,’’ मी म्हटलं.

‘‘नमस्कार, इमोजीन. कॉफी घेणार?’’

‘‘कॉय, तिथं माणूस जाईल.’’

‘‘मी इथं तीस वर्षं मासे धरतोय. गेलो का कुठं?’’ तो हसला. दाताला बिस्किटाचा लगदा. ‘‘आणि समजा, हलवले असतील कोणी, तर कोणाचं काय बिघडलं? तुमच्या त्या दीडशे फुटांवर बेडूकसुद्धा मिळत नाही. लोक पुढच्या लॉकला जातात. पाण्यात राहून माशाशी वैर करायला लावता तुम्ही लोक.’’

‘‘मी शेरीफला सांगेन.’’

‘‘सांग की. शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायला तोच कढईपाशी असतो. मासे कोणाकडून येतात विचार त्याला.’’

मी शेरीफच्या कचेरीत जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. लिहिणारी मुलगी नखं रंगवत होती, ब्रश बाजूला ठेवायला तिला जिवावर आलं. पुढे काही झालं नाही. बोये परत लावायला डेल्मरला म्हटलं तर तो म्हणाला, ‘‘यारीचा दात तुटलाय, सोमवारी भाग येईल.’’ तो दिवस होता गुरुवार. मी तोवर पाण्यावर लक्ष ठेवून, कोणी आत आलं की भोंगा वाजवायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला एक टग वरच्या बाजूनं सहा बार्ज ढकलत येत होती. मी तिच्यासाठी हौद भरत होते. डेल्मर भिंतीवर दोर घेऊन उभा. तेवढ्यात मला उकळीच्या तोंडाशी कॉयच्या होड्यांपैकी एक दिसली. तीन माणसं. एक म्हातारा पुढे बसलेला, गळ टाकून. मधे एक बाई. मागे इंजिनापाशी एक माणूस, दोरी ओढतोय, पुन्हा ओढतोय. इंजिन बंद पडलं होतं. आणि होडी खाली वाहत जायच्या ऐवजी, अगदी हळू, धरणाकडे येत होती.

मी भोंगा दाबला. म्हातारा वळला आणि त्यानं माझ्याकडे पाहून हात हलवला. शेजारच्या अंगणातून करावा तसा. ते बोयांच्या बाहेरच तर होते! आईच्या मांडीवर होते.

मग मागची बाजू फेसात शिरली आणि होडी सरळ उभी राहिली.

डेल्मर पळाला. मला वाटलं बुडत्याला फेकायची रिंग आणायला, पण तो कामाच्या होडीच्या शिडीकडे पळत होता. मी त्याच्या आधी पोचले, कशी ते माहीत नाही. शिडीच्या तोंडाशी मी उभी राहिले.

‘‘बाजूला हो, जीन.’’

‘‘होडी घेऊन गेलास तर चार माणसं होतील.’’

‘‘बाजूला हो!’’ त्याचा चेहरा भलताच झाला होता. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. ‘‘मला जाऊ दे, मला जायलाच हवं!’’

‘‘फेकदोरी घे,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्याइतकी लांब कोणी फेकत नाही. मला तुझा दंड पाहिजे, मुडदा नको. भिंतीच्या टोकाला जा. चल!’’

तो एक क्षण माझ्यावरून जाईल असं वाटलं. मग वळला.

मी दरवाजांची बटणं असलेल्या खोलीत गेले. नियम असा होता की धरणाचा दरवाजा प्रुइट साहेबांच्या हुकुमाशिवाय हलवायचा नाही, कारण इथं पाणी अडलं की वर चढतं, आणि वर बार्ज असतात. मी रेडिओवर टगच्या कप्तानाला सांगितलं, ‘‘आहेस तिथंच थांब, मागे रेट, मी धरण बंद करतेय.’’ तो म्हणाला, ‘‘बाई, माझ्या पुढ्यात नऊ हजार टन आहे.’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या पुढ्यात तीन माणसं आहेत.’’ त्यावर इंजिनांचा आवाज बदललेला मला ऐकू आला. मग मी चौथ्या दरवाजाचं बटण दाबलं, तो त्यांच्या डोक्यावर होता. मग तिसरं. मग पाचवं.

एक दरवाजा बंद व्हायला सहा मिनिटं लागतात. सहा मिनिटं किती असतात ते मला आता माहीत आहे.

खिडकीतून दिसत होतं. बाई वर आली, लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून. डेल्मरनं दोरी फेकली, कमी पडली. बाई खाली गेली. पुन्हा वर आली, दहा फूट पलीकडे. दुसऱ्यांदा दोरी तिच्या तोंडावर पडली पण तिचे हात काही समजण्याच्या पलीकडे होते. तिसऱ्यांदा तिनं दोरी दातांत धरली. खरंच दातांत. मग हाताला गुंडाळली, आणि डेल्मरनं तिला भिंतीच्या शिडीपर्यंत ओढलं. मागचा माणूस उलटलेल्या होडीला चिकटला होता. चौथा दरवाजा पूर्ण बसला तेव्हा फेस बसत गेला, दुधावरची उकळी फुंकरीनं बसावी तसा, आणि होडी त्या माणसासकट सुटून खाली वाहू लागली. बाहेर शांत पाण्यात कॉय त्याच्या मोठ्या होडीतून आला होता. त्यानं त्या माणसाची कॉलर धरून त्याला आत घेतलं. हे करताना त्याचा शर्टसुद्धा भिजला नाही. काठावरून कोणीतरी फोनवर सगळं टिपत होतं.

म्हातारा वर आला नाही. त्याचं जॅकेट होडीच्या पुढच्या खणात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं. पिशवी नंतर तशीच बंद सापडली.

त्याचं नाव होबार्ट मीक्स. एकाहत्तर वर्षांचा. शहरात शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. बाई त्याची मुलगी, लेनोरा. इंजिनापाशी होता तो तिचा नवरा टेट. म्हाताऱ्याला नवा गळ मिळाला होता वाढदिवसाचा, तो लावून पाहायला आले होते.

शोध दोन दिवस चालला. त्या दोन दिवसांत काठावर जत्रा भरली. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुत्री आणली. एकानं दुर्बीण आणली आणि पाळी लावून दिली. कॉय सगळ्यांना फुकट कॉफी आणि डोनट वाटत होता. डोनटची साखर बोटांना लागलेली, आणि त्याच बोटानं पाण्याकडे दाखवत होता, ‘‘इथून आला तो, इथं मी त्याला धरला.’’ सोमवारी दुपारी पाणबुड्यांनी होबार्टला वर आणलं तेव्हा खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. टोप्या काढायला नव्हे. नीट दिसावं म्हणून.

वर्तमानपत्रात कॉयचा फोटो. ‘नदीचा देवदूत.’ पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याला उभं केलं आणि टाळ्या झाल्या. तो खाली मान घालून हसला, लाजल्यासारखा. मी बाकावरून उठून बाहेर गेले आणि मोटारीमागे ओकले. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणारी वर्नेल मागून आली. ‘‘जीन, तब्येत बरी नाही का? की हेवा वाटला?’’

‘‘तब्येत,’’ मी म्हटलं.

मंगळवारी डेल्मर आणि मी दरवाजांशी साचलेला गाळ-कचरा उपसत होतो. यारीचा दात आता बरा झाला होता. भाग आला आणि मी बसवला, असं डेल्मरनं सांगितलं होतं. यारीनं एक फुगलेलं हरीण उचललं आणि ते मधेच फुटलं. वास असा की डोळ्यांतून पाणी. डेल्मर कठड्याला धरून खाली बसला आणि उलटी करू लागला. मला आश्चर्य वाटलं. एकोणीस वर्षांत शंभर हरणं काढली होती आम्ही.

‘‘ऊठ, तोंड धू,’’ मी म्हटलं.

‘‘जीन,’’ तो खाली बघत म्हणाला, ‘‘ते मीच सरकवले.’’

मी यारी थांबवली.

‘‘दोन्ही वेळा. रविवारी सकाळी, तू चर्चला असायचीस तेव्हा. कॉय होडी धरायचा, मी यारी. यारीचा दात तुटलाच नव्हता.’’ त्यानं बाहीनं तोंड पुसलं. ‘‘माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. म्हणाला, दुकान बसलं तर रोझेटा रस्त्यावर येईल. फक्त सीझनपुरतं म्हणाला. मला वाटलं ऐंशी फूटसुद्धा पुष्कळ आहेत. इंजिन चालू असलं तर पुष्कळच आहेत, जीन.’’

‘‘इंजिन चालू असलं तर.’’

‘‘मी त्यांना वाचवायलाच निघालो होतो. तू पाहिलंस ना? मी मरायला तयार होतो.’’

‘‘हो. मेला असतास तर तुझ्या नावाची पाटी लागली असती. आणि बोये तिथंच राहिले असते.’’

तो रडू लागला. एवढा मोठा माणूस, हरणाच्या घाणीत बसून. मला त्याची दया यायला हवी होती. मी एकोणीस वर्षं त्याच्यासोबत मक्याचा पाव वाटून खाल्ला. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीचा एक कोपरा त्यानं उचलला होता. पण माझ्या अंगावर फक्त शहारा आला, बोटाला काहीतरी चिकट लागल्यासारखा. तो रडत होता ते होबार्टसाठी नव्हतंच.

‘‘कोणाला सांगू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘पेन्शनला चार वर्षं राहिलीत. बाईला वाचवलं ना आपण? तूच म्हणालीस, माझ्याइतकी लांब कोणी फेकत नाही.’’

‘‘बुधवारी चौकशी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.’’

‘‘माझ्याशी असं करशील? तू?’’

‘‘डेल्मर, हरीण अजून लटकतंय. आटप.’’

त्या संध्याकाळी घरी मी डीप फ्रीझर उघडला. कागदात गुंडाळलेले कॅटफिशचे तुकडे होते, सोळा-सतरा. दर सोमवारी डेल्मर आणायचा. एप्रिलमध्ये एवढे मोठे, एवढे चरबीचे कॅटफिश, आणि मी कधी विचारलं नव्हतं कुठून. खोटं कशाला बोलू? एका सोमवारी त्याचे बूट अजून ओले होते, आणि रविवारी काम नव्हतं. मी ते बूट पाहिले होते. मग मी मासे घेतले आणि आभार मानले. मी मक्याच्या पिठात घोळवून तळले आणि दोन वेळा वाढून घेतले. आता फ्रीझरमधले सगळे तुकडे मी कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि मग डबासुद्धा अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला. झोपेपर्यंत तोंडातली चव गेली नाही.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत झाली. नदीवरच्या अपघातांची चौकशी करणारी एक पोक्त बाई राजधानीहून आली होती, चष्मा डोक्यावर सारलेला. पहिल्या रांगेत लेनोरा आणि टेट. लेनोराच्या ओठांना दोरीनं चिरलं होतं, टाके दिसत होते. कॉय नव्या शर्टात. चौकशीवाल्या बाईंनी विचारलं, ‘‘बोये त्यांच्या जागेवर नव्हते, हे मला फोटोंवरून दिसतंय. हे कोणाला माहीत होतं?’’

मी डेल्मरकडे पाहिलं. तो हातातली टोपी फिरवत होता. आम्ही सगळे थांबलो. टोपी फिरत राहिली.

मग मी उठले आणि सांगितलं. मार्च, एप्रिल, प्रुइट साहेब, शेरीफची कचेरी, कॉयचं दुकान, आणि मंगळवारी डेल्मर काय म्हणाला ते. ओल्या बुटांचंही सांगितलं. 

‘‘स्प्रॅडलिन, हे खरं आहे?’’

डेल्मर उठला. ‘‘मॅडम, जीन फार थकलीय,’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिवसापासून ती भलतंसलतं बोलतेय. मला यातलं काहीच ठाऊक नाही.’’

मागून कोणीतरी ‘‘बिचारी’’ म्हणालं. वर्नेलच असावी. मी खाली बसले. मला वाटलं संपलं.

सत्य बाहेर आलं, पण अंघोळ करून, केस विंचरून नाही आलं. चौकशीवाल्या बाईंनी चष्मा खाली घेतला आणि कॉयकडे वळून इतकंच म्हणाल्या, ‘‘हॅकवर्थ, सिमेंटचा चौथरा उचलायला यारी लागते. यारी लॉकवर आहे. म्हणजे लॉकवरचा माणूस त्यात होता, किंवा तुम्ही सरकारी होडी चोरलीत. चोरीची शिक्षा वेगळी.’’

कॉय ताडकन उठला. ‘‘मी चोर नाही! होडी डेल्मरनं आणली. तोच म्हणाला चालतं. लॉकचा माणूस चालतं म्हणतोय तर मी बापडा दुकानदार, मला काय कळणार?’’

‘‘चालतं म्हणालो?’’ डेल्मर ओरडला. ‘‘पाया पडलास माझ्या! रोझेटाला रडायला पाठवलंस!’’

‘‘रोझेटाला मधे आणू नकोस! मासे फुकट घ्यायला बरा आला होतास!’’

दोन मेहुणे एकमेकांकडे बोट दाखवत उभे होते, थुंकी उडत होती, आणि कॉयच्या नव्या शर्टाला घामाचे ओघळ आले होते. पाद्रीबाबा जमिनीकडे बघत होते. शेरीफ खिडकीतून बाहेर. होबार्टच्या नावाचा उच्चार कोणीच केला नाही. टेटनं लेनोराचा हात धरला आणि तिनं तो सोडवून घेतला.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्याजवळ आली.

‘‘दरवाजे तुम्ही बंद केलेत ना?’’ तिचे शब्द टाक्यांमुळे अडखळत होते.

‘‘हो.’’

‘‘मी तुमचे आभार मानायला आले होते आज. केक पण आणलाय गाडीत.’’ तिनं रुमालानं ओठ टिपले. ‘‘ते बूट. तुम्ही पाहिलेत आणि विचारलं नाहीत?’’

‘‘नाही विचारलं.’’

‘‘का?’’

‘‘मासे चांगले होते,’’ मी म्हटलं. 

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉय आणि डेल्मरकडे जसं पाहिलं होतं, तसं. ‘‘मग आता मला आभार मानवत नाहीत,’’ ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली. मला ते पटलं. अजूनही पटतं.

कॉयला दहा महिन्यांची कैद झाली आणि होड्या भाड्यानं द्यायचा परवाना कायमचा गेला. डेल्मरची नोकरी गेली, पेन्शन गेली. तो बहिणीकडे नाही, दुसऱ्या राज्यात पुतण्याकडे राहतो असं ऐकलं. मला पत्र आलं: हुकुमाशिवाय दरवाजे हलवल्याबद्दल ताकीद. त्याच पाकिटात दुसरा कागद होता, की यापुढे उकळीत माणूस दिसल्यास कर्मचाऱ्यानं हुकुमाची वाट न पाहता दरवाजे बंद करावेत. दोन्हींवर प्रुइट साहेबांचीच सही. मी दोन्ही कागद एकाच टाचणीनं भिंतीवर लावले.

गावात लोक माझ्याशी कमी बोलतात. किराणा दुकानात वर्नेलनं ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘आता शुक्रवारी गोठवलेले मासे खावे लागतात, काही लोकांच्या कृपेनं.’’ मी तिच्या टोपलीकडे पाहिलं आणि माझे बटाटे घेऊन निघाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला काय सांगायचं!

बोये आता साखळीनं भिंतीत ठोकलेल्या कड्यांना बांधलेत. मी रोज सकाळी कॉफीच्या आधी मोजते. माझ्याबरोबर एक नवीन बाई आहे कामाला, ओपल नावाची, तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘माझे बूट ओले दिसले तर विचार.’’ तिला काही समजलं नाही, तरी ती ‘‘बरं’’ म्हणाली.

मागच्या शनिवारी एक माणूस बायकोला घेऊन बोयांच्या आत आला. मी भोंगा दाबला. त्यानं मधलं बोट दाखवलं. मी कर्ण्यावरून सांगितलं की बाहेर जा. त्यानं गळ टाकला. मी पुन्हा भोंगा दाबला, आणि बोट उचललंच नाही. वरच्या डोंगरावर कुत्री भुंकायला लागली, टगचा कप्तान रेडिओवर ‘‘बाई, कोणी मेलं काय?’’ विचारू लागला, ओपलनं कानांवर हात ठेवले. चार मिनिटं. शेवटी त्याच्या बायकोनंच नांगराची दोरी ओढायला सुरुवात केली. जाताना तो काय काय म्हणाला ते भोंग्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, तोंडावरून कळलं. इंजिन सुरू झालं, ते बोयांच्या पार बाहेर गेले, वळणाआड दिसेनासे झाले. मग मी भोंग्यावरचं बोट काढलं.